संगणकाची कचेरी कशी उघडते

तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत सकाळचा क्रम आता ठरून गेला आहे. शिपाई कुलूप काढतो, केर काढला जातो आणि मग संगणकाची कळ दाबण्यात येते. पडद्यावर नेहमीचे चित्र उमटेपर्यंत अर्धा-एक मिनिट जातो. तेवढ्यात चहाची चौकशी होते, कालच्या टपालावर नजर टाकली जाते. हा वेळ रिकामा आहे, यंत्र नुसते ‘गरम होत आहे’, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दिवसभरात यंत्रावर येणारी सर्वांत जोखमीची वेळ तीच होय. त्या अर्ध्या मिनिटात यंत्राच्या आत एक संपूर्ण कचेरी उघडत असते. कोणी दारे उघडतो, कोणी घड्याळ लावतो, कोणी टपालाची पेटी टांगतो, कोणी दप्तरखान्याची किल्ली घेऊन बसतो. त्यांतील एकजण जरी आला नाही, अथवा वेळेआधी येऊन बंद दारापाशी थबकून परत गेला, तरी त्याचा परिणाम खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला भोगावा लागतो. दाखल्यासाठी दोन मैल चालत आलेल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगण्यात येते. पुष्कळदा यंत्र सुरू असते, वीज असते, तारही शाबूत असते. फक्त आतली एखादी सेवा उभी राहिलेली नसते, आणि ती उभी नाही हे कोणाच्या लक्षातही आलेले नसते.

श्रोतेहो, ही आतली कचेरी कशी उघडते आणि तिच्यातील न दिसणाऱ्या सेवकांची हजेरी कोण घेतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय तांत्रिक आहे खरा. परंतु ज्यांनी कधी कचेरी चालविली आहे, शाळेचे वेळापत्रक बसविले आहे किंवा ग्रामसभा पार पाडली आहे, त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

कळ दाबल्यानंतर

वीज मिळाली त्या क्षणी संगणकाच्या प्रोसेसरला, म्हणजे त्याच्या मेंदूला, काहीही ठाऊक नसते. तारीख ठाऊक नसते, डिस्क कोठे आहे हे ठाऊक नसते, समोर पडदा आहे की नाही हेही ठाऊक नसते. त्याला एवढीच सवय लावून दिलेली असते की, जागे झाल्यावर स्मृतीतील एका ठरलेल्या पत्त्यावर जावे आणि तेथे जी आज्ञा लिहिलेली असेल ती पाळावी. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये हा पत्ता एक मेगाबाईटच्या हद्दीपासून अवघे १६ बाईट अलीकडे होता. सोळा बाईटांत कसला कार्यक्रम मावणार? तेथे केवळ एक पाटी असे: ‘कार्यालय पलीकडच्या इमारतीत आहे.’ ती पलीकडची इमारत म्हणजे यंत्राच्या पाटावर कायमचा कोरलेला छोटा कार्यक्रम. त्यास बायॉस म्हणत. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय नावाच्या अधिक विस्तृत व्यवस्थेने घेतली आहे. हा कार्यक्रम स्मृती, कळफलक व डिस्क यांची तपासणी करतो आणि पुढचा कार्यक्रम कोठे मिळेल ते शोधतो.

जुन्या पद्धतीत हा पुढचा कार्यक्रम डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात असे. तो कप्पा ५१२ बाईटांचा. त्यातही डिस्कच्या वाटणीचा तक्ता आणि शेवटची दोन बाईटांची खूण वगळता कार्यक्रमासाठी ४४६ बाईट उरत. एवढ्या जागेत संपूर्ण कार्यप्रणाली, म्हणजे लोक ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, बसणे शक्यच नव्हते. म्हणून लहान कार्यक्रमाने मोठ्याला हाक मारावी, मोठ्याने त्याहून मोठ्याला, अशी साखळी तयार झाली. बुटाच्या मागील पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलणे अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्यातील ‘बूटस्ट्रॅप’ या शब्दावरूनच या क्रियेला ‘बूट होणे’ हे नाव पडले. मराठीत ‘मशीन बूट झाले’ असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपण पादत्राणांविषयी बोलत आहोत याची कल्पना असेल.

साखळीतील शेवटचा दुवा कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणून ठेवतो. या गाभ्याला कर्नल म्हणतात. येथे एक गमतीचा पेच उद्भवतो. डिस्क वाचण्यासाठी तिला चालविणारा कार्यक्रम हवा. आणि तो कार्यक्रम तर डिस्कवरच ठेवलेला! कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तशातला हा प्रकार. लिनक्स या कार्यप्रणालीत त्यावर उपाय असा केला आहे की, अत्यावश्यक साधनांचे एक लहानसे गाठोडे गाभ्याबरोबरच स्मृतीत उतरविले जाते. त्या गाठोड्यातील साधनांनी डिस्क उघडली जाते, मग गाठोडे बाजूला सारून खरा संसार मांडला जातो.

१९ जुलै २०२४ ची सकाळ

या पायऱ्यांवर जो जितका आधी येतो तितका त्याचा अधिकार मोठा आणि त्याची चूकही तितकीच महाग, हे जगाने २०२४ साली अनुभवले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचा एक संरक्षक कार्यक्रम जगभरच्या विंडोज संगणकांवर बसविलेला होता. विषाणूंच्या आधी आपण पोचावे म्हणून हा कार्यक्रम यंत्र सुरू होतानाच, तोही थेट गाभ्यात, दाखल होत असे. पहारेकऱ्याने सर्वांच्या आधी यावे हा विचार चुकीचा नव्हे. परंतु १९ जुलै रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, कंपनीने त्यास एक नवी माहिती-फाईल पाठविली. या माहितीचा नमुना २१ रकान्यांचा होता आणि ती वाचणाऱ्या कार्यक्रमाला पुरविण्यात येत होते २० रकाने. एकविसावा रकाना वाचायला गेलेला कार्यक्रम आपल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचू लागला. साधा कार्यक्रम असता तर तो एकटाच बंद पडला असता. हा गाभ्यात बसलेला असल्यामुळे त्याच्याबरोबर संपूर्ण यंत्र कोसळले.

कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी ती फाईल मागे घेतली. अवघ्या ७८ मिनिटांचा हा प्रकार. परंतु मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले होते. हैदराबादसह देशातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले.

फाईल मागे घेतल्यावरही यंत्रे का सुधारली नाहीत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर सुरू होण्याच्या क्रमात आहे. दुरुस्त फाईल जाळ्यावरून, म्हणजे नेटवर्कवरून, यायची. आणि नेटवर्कची सेवा उभी राहण्याच्या आधीच यंत्र कोसळत होते. पुन्हा सुरू करावे तर पुन्हा तेच. काही ठिकाणी यंत्र दहा-पंधरा वेळा बंद-चालू केल्यावर एखाद्या खेपेस नेटवर्कची सेवा शर्यत जिंकत असे आणि दुरुस्ती पोचत असे. बाकीच्या ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष यंत्रापाशी जावे लागले, किमान सेवांवर चालणाऱ्या ‘सेफ मोड’मध्ये ते उघडावे लागले आणि ती एक फाईल हाताने काढून टाकावी लागली. ज्यांच्या डिस्क कुलूपबंद होत्या त्यांना त्याआधी ४८ आकडी किल्ली शोधावी लागली. आणि ती जेथे जपून ठेवली होती ते यंत्रही काही ठिकाणी बंद पडलेल्यांतच होते!

क्रमांक एकची प्रक्रिया

गाभा उभा राहिला म्हणजे तो एक गोष्ट करतो, आणि ती एकच. तो पहिला कार्यक्रम सुरू करतो. चालू असलेल्या कार्यक्रमाला प्रक्रिया म्हणतात आणि प्रत्येक प्रक्रियेला अनुक्रमांक मिळतो. या पहिल्या प्रक्रियेचा क्रमांक १. यानंतर यंत्रावर जे जे वापरासाठी चालते, ते या क्रमांक एकच्या पोटी किंवा तिच्या मुला-नातवंडांच्या पोटी जन्म घेते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली घडविली. तिच्यात या प्रक्रियेला ‘इनिट’ म्हणत, आणि १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेपासून ती आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनुस टॉरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा त्यानेही हीच परंपरा उचलली. खिशातील अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्सचाच आहे, आणि त्यातही ‘इनिट’ आहे.

क्रमांक एककडे एक विलक्षण जबाबदारी असते. एखाद्या प्रक्रियेचा जन्मदाता आधी संपला तर ती पोरकी झालेली प्रक्रिया सामान्यतः क्रमांक एकच्या पदरात टाकली जाते. आणि प्रक्रिया संपली तरी तिचे नाव लगेच पुसले जात नाही. जन्मदात्याने तिच्या अंताची दखल घेतल्याशिवाय नोंदवहीत ते तसेच राहते. गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत मृत्यू लिहिला गेला नाही तर शिधापत्रिकेवर नाव राहावे, तशी ही गत. संगणकशास्त्रात अशा नावापुरत्या उरलेल्या प्रक्रियेला ‘झोंबी’ म्हणतात. पोरक्यांच्या मृत्यूची दखल घेत राहणे हे क्रमांक एकचे रोजचे काम होय. ही प्रक्रिया स्वतः कधी मरू शकत नाही. मेलीच तर गाभा हात वर करतो आणि यंत्र थांबते.

मग तिच्या हाताखालचे ते न दिसणारे सेवक कोणते? घड्याळ जगाच्या घड्याळाशी जुळवून ठेवणारा, छापण्याची कामे रांगेत लावणारा, घडलेल्या घटनांची रोजनिशी लिहिणारा, ठरल्या वेळी ठरलेले काम काढणारा, दूरच्या माणसाला ओळख पटवून आत घेणारा, माहितीचा कोश सांभाळणारा. यांना पडदा नसतो, कळफलक नसतो. युनिक्सच्या परंपरेत यांना ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने रूढ केला. पदार्थविज्ञानात मॅक्सवेलने कल्पिलेला एक अदृश्य सेवक आहे. तो दाराशी बसून वायूचे वेगवान आणि मंद रेणू निवडून वेगळे करीत असतो. त्याच्यावरून हे नाव घेतले गेले. त्यात सैतानी असे काही नाही. घरच्या देवघरात कोणाच्या नकळत दिवा लावून जाणाऱ्या माणसासारखा तो आहे, एवढेच.

जुनी पद्धत: क्रमांकांची रांग

या सेवकांना कामावर आणण्याची जी पद्धत दीर्घकाळ चालली, ती १९८३ साली आलेल्या युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ आवृत्तीच्या नावाने ओळखली जाते. प्रत्येक सेवेसाठी एक छोटे टिपण, त्यात ती कशी सुरू करावी आणि कशी थांबवावी याच्या आज्ञा, आणि टिपणाच्या नावात दोन आकडी क्रमांक. क्रमांक १० चे टिपण आधी, २० चे नंतर, ९० चे शेवटी. इनिट ही टिपणे ओळीने वाचत जाई.

या पद्धतीला आज नावे ठेवण्याची रीत आहे. परंतु तिचे गुण लक्षात घेतले पाहिजेत. थोडीफार इंग्रजी वाचणारा कोणीही कारकून ते टिपण उघडून काय चालले आहे हे समजू शके आणि चुकले असल्यास जागच्या जागी सुधारू शके. व्यवस्था उघडी होती. तीस वर्षे जगातील असंख्य यंत्रे तिच्यावर चालली, ती उगीच नव्हे.

तथापि तिच्यात तीन उणिवा होत्या. पहिली वेळेची. रांगेत एकजण अडखळला की मागचे सगळे थांबत. नेटवर्क मिळण्यास अर्धे मिनिट लागले तर ज्याला नेटवर्काशी काही कर्तव्य नाही असा छपाईचा सेवकही तेवढा वेळ ताटकळे. दुसरी उणीव अधिक खोल होती. क्रमांक १० नंतर २० का, हे त्या आकड्यात कोठेही लिहिलेले नसे. कोणाला कोणाची गरज आहे ही माहिती टिपण लिहिणाऱ्याच्या डोक्यात राही. माणूस बदलला की ती गेली. नव्याने आलेल्याने क्रमांक बदलला तर काय कोसळेल हे कोळसल्यावरच कळे.

तिसरी उणीव ही खऱ्या अर्थाने नागरिकाला भोवणारी. सेवक एकदा कामावर लावला की व्यवस्थेचा त्याच्याशी संबंध संपे. डीमन सुरू होताना स्वतःची प्रत काढून मूळ प्रक्रिया संपवीत असे. त्यामुळे त्याला कामावर लावणारे टिपण मोकळे होई आणि तो स्वतः पोरका होऊन क्रमांक एकच्या पदरात जाई. त्याचा अनुक्रमांक एका फाईलमध्ये लिहून ठेवला जाई, एवढाच मागमूस. मध्यरात्री तो सेवक मेला तरी फाईलमध्ये क्रमांक तसाच राही. सकाळी हजेरीपट पाहावा तर सही आहे. माणूस मात्र नाही. पुढे तोच क्रमांक दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेला मिळाला, तर भलत्याच्याच नावे हजेरी लागण्याचा संभव असे.

गरज आणि क्रम

विंडोज एनटीमध्ये १९९३ पासूनच सेवांचा स्वतंत्र नियंत्रक होता. त्याच्याकडे सेवांची यादी आणि त्यांची परस्परावलंबने असत. युनिक्सच्या घराण्यात बदल उशिरा, पण झपाट्याने आले. २००५ साली सोलारिस १० मध्ये सेवा-व्यवस्थापनाची नवी यंत्रणा आली. त्याच वर्षी ॲपलने ‘लाँचडी’ आणले. २००६ मध्ये उबुंटूने ‘अपस्टार्ट’ स्वीकारले. लिनक्समध्ये सर्वाधिक पसरलेली व्यवस्था मात्र ‘सिस्टिमडी’ ही होय. लेनार्ट पोटरिंग व काय झीव्हर्स यांनी ती २०१० साली पुढे आणली. मे २०११ मध्ये फेडोराने, २०१४ मध्ये रेड हॅटने आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटूने ती स्वीकारली.

तिची पहिली युक्ती कोणत्याही बारनिशी कारकुनाला पटेल अशी आहे. सेवकांना एकमेकांची वाट का पाहावी लागते? कारण एकाला दुसऱ्याकडे कागद द्यायचा असतो आणि दुसरा अजून जागेवर नसतो. मग सर्व टेबलांवरच्या टपालपेट्या सकाळी सर्वांच्या आधी एकदम मांडून ठेवल्या तर? सिस्टिमडी ज्यांच्यासाठी तशी सोय केली आहे त्या सेवांच्या पेट्या, म्हणजे ‘सॉकेट’, स्वतः आधी उघडते आणि मग सर्व सेवकांना एकाच वेळी बोलावते. ज्याला कागद टाकायचा तो टाकतो. घेणारा आला की पेटीतून उचलतो. मधल्या काळात गाभा पेटी सांभाळतो. क्रमाचा पुष्कळसा प्रश्न अशा रीतीने उरतच नाही. एखादी क्वचित लागणारी सेवा तर तिच्या पेटीत पहिला कागद पडेपर्यंत उभीसुद्धा करावी लागत नाही.

जेथे क्रम लागतोच तेथे तो आकड्याने न सांगता शब्दांत सांगावा लागतो. प्रत्येक सेवेची एक लहान फाईल असते आणि तिच्यात दोन प्रकारची विधाने येतात. एक गरजेचे: अमुक सेवा असलीच पाहिजे, अथवा असली तर बरे. दुसरे क्रमाचे: अमुक सेवेच्या नंतर. या दोन गोष्टी एकच आहेत असे समजणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक असते. ग्रामसभेला इतिवृत्त लिहिणारा हजर असलाच पाहिजे असा नियम केला, तर तो केवळ गरज सांगतो. तो येऊन बसल्यावरच कामकाज सुरू करावे, हा वेगळा नियम आहे. फक्त पहिला नियम लिहिला तर सिस्टिमडी दोघांनाही एकाच क्षणी बोलावणे धाडते. पहिला ठराव मंजूर होतो आणि इतिवृत्त लिहिणारा अजून वहीच शोधत असतो. फक्त दुसरा लिहिला तर तो आला असता त्याच्या मागून सभा भरेल, पण त्याला मुळात बोलावलेलेच नसेल तर त्याच्याविनाच भरेल. बहुधा दोन्ही लिहावे लागतात.

याहून सूक्ष्म भेद ‘आला’ आणि ‘तयार झाला’ यांतील. माहितीकोशाची सेवा सुरू झाली असे नोंदले जाते, पण ती अजून कालची अर्धवट कामे तपासत असते. तिच्यावर विसंबलेली दाखल्याची सेवा त्याच क्षणी प्रश्न विचारते, उत्तर मिळत नाही, आणि ती बंद पडते. दोघांची हजेरी बरोबर, काम मात्र बंद. हाच प्रकार नेटवर्काबाबत वारंवार घडतो: तार जोडली गेली, पण पत्ता मिळालेला नाही. म्हणून सिस्टिमडीमध्ये सेवकाने ‘मी तयार आहे’ असा निरोप स्वतः पाठविण्याची सोय करण्यात आली. त्या निरोपानंतरच मागच्यांना आत सोडले जाते.

हजेरीच्या प्रश्नावरचा उपाय गाभ्यातूनच आला. जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत ‘सी-ग्रुप’ म्हणजे प्रक्रियांचे गट बांधण्याची सोय आली. सेवक आणि त्याने जन्माला घातलेली सारी मुले एका गटात बांधली जातात. कोणी कितीही प्रती काढल्या तरी गटाबाहेर सहज निसटता येत नाही. त्यामुळे सेवा जिवंत आहे की नाही हे फाईलमधील जुन्या आकड्यावरून ठरवावे लागत नाही. सेवा मेली तर तिला पुन्हा उभे करता येते. मात्र तशी सूचना लिहिलेली असेल तरच. ती लिहिण्याचे राहून गेलेले असणे हेच पुष्कळ ‘सर्व्हर डाऊन’चे मूळ असते. उलट, उभी राहताच पुन्हा पडणाऱ्या सेवेला अनंतकाळ उठवत बसणेही व्यर्थ. म्हणून सामान्यतः १० सेकंदांत पाच वेळा प्रयत्न झाले की व्यवस्था थांबते आणि सेवेपुढे ‘अयशस्वी’ असा शेरा मारते. तो शेरा वाचणारा माणूस मात्र लागतोच.

वाद

एवढे सगळे सुरळीत घडले असे नाही. क्रमांक एकच्या हाती सेवा, रोजनिशी, प्रवेशनोंदी अशी अनेक खाती एकवटली जात आहेत, लहान-लहान आणि सुटी साधने ठेवण्याची युनिक्सची शिस्त मोडली जात आहे, असा आक्षेप अनेक जाणत्यांनी घेतला. रोजनिशी साध्या अक्षरांत न ठेवता खास साधनानेच वाचता येईल अशा स्वरूपात ठेवल्याचाही राग होता, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. डेबियन या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात हा प्रश्न तांत्रिक समितीपुढे गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये मते चारास चार अशी पडली. पंचायत सदस्यांना परिचित असलेला प्रसंग तेथे घडला: अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. असंतुष्टांनी ‘देवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. तिची पहिली आवृत्ती २०१७ साली आली. या मतदानाचा परिणाम भारतापर्यंत पोचला, कारण सी-डॅकने शासकीय वापरासाठी तयार केलेली आणि मराठीसह भारतीय भाषांना वाव देणारी ‘बॉस’ ही कार्यप्रणाली डेबियनवरच उभारलेली आहे.

एकवटण्याविषयीची शंका पोकळ नव्हती हे दहा वर्षांनी दिसले. ‘तयार आहे’ हा निरोप पाठविता यावा म्हणून काही वितरकांनी दूरस्थ प्रवेशाच्या सेवेला सिस्टिमडीचे एक ग्रंथालय जोडले होते. त्या ग्रंथालयाला फाईल आवळून लहान करणारे ‘एक्सझेड’ हे दुसरे साधन जोडलेले होते. कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून या दुसऱ्या साधनात चोरवाट पेरली. डाव साधला असता तर असंख्य यंत्रांची दारे परक्याला उघडली असती. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास अर्ध्या सेकंदाचा उशीर लागतो आहे असे जाणवले. त्याने तो उशीर सोडून दिला नाही. शोध घेत चोरवाटेपर्यंत पोचला आणि २९ मार्च रोजी ती जाहीर केली. चोरवाट अद्याप मोजक्याच चाचणी-आवृत्त्यांत शिरली होती. त्यानंतर तो निरोप पाठविण्यापुरते एवढे मोठे ग्रंथालय जोडण्याची गरज नाही, हे पुष्कळांना पटले. दूरस्थ प्रवेशाची सेवा आता तो निरोप स्वतःच पाठविते.

कचेरी बंद होताना

उघडण्याइतकेच बंद करणे महत्त्वाचे असते, आणि ग्रामीण भागातील कचेऱ्यांत दुर्लक्ष होते ते येथेच. पाच वाजले की मुख्य बटण खटकन खाली, ही सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. वेगासाठी यंत्र लिहिलेली माहिती काही काळ स्मृतीतच ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरविते. अचानक वीज गेली तर ती उतरवायची राहते. अलीकडच्या कार्यप्रणाली डिस्कवर काय करणार आहोत याची नोंद आधी करून ठेवतात, म्हणून संपूर्ण पसारा सहसा मोडत नाही. परंतु शेवटच्या मिनिटातला अर्ज हरवू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीत वेळ जातो तो वेगळाच.

नीट बंद करण्याची आज्ञा दिली म्हणजे सकाळचा क्रम उलटा फिरतो. जे सर्वांत शेवटी आले ते सर्वांत आधी जातात. दाखल्याची सेवा माहितीकोशाच्या आधी थांबते, कारण तिच्या हातातला शेवटचा कागद त्याच्या दप्तरात जायचा असतो. माहितीकोश डिस्कच्या आधी थांबतो. प्रत्येकाला प्रथम सौम्य शब्दांत थांबण्यास सांगितले जाते आणि हातातले काम आवरण्यास सामान्यतः ९० सेकंदांपर्यंत मुदत मिळते. ‘एक सेवा थांबत आहे’ असे लिहून पडदा पुष्कळ वेळ तसाच राहतो, तेव्हा कोणीतरी अजून आवरत असतो. त्या वेळी बटण दाबणे म्हणजे दप्तर बांधणाऱ्याच्या हातावर दार लावणे होय. मुदतीत न थांबणाऱ्याला मात्र गाभ्याकडून सक्तीने संपविले जाते. मग स्मृतीतील उरलेली अक्षरे डिस्कवर उतरतात, डिस्क मिटली जाते, क्रमांक एक गाभ्याला अखेरची सूचना देते, आणि गाभा वीज तोडतो.